अकरातले दहा

"एमपीथ्री म्हणजे अकरातले दहा भाग केरात टाकून उरलेला एक गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं." हे माझं ठेवणीतलं वाक्य होतं. ध्वनिमुद्रणावर बोलायला कुणी बोलावलं की ते यायचंच, आणि त्यावर हशाही यायचा. हिशेब सरळ होता. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, दर नमुना १६ बिटांचा, डावं-उजवं मिळून दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १,४११ किलोबिट होतात. बाजारातली एमपीथ्री १२८ किलोबिटची. भागाकार करा, अकरा येतात. माइक वीतभर पुढे घ्यावा की मागे, यावर मी अर्धी संध्याकाळ घालवायची, तानपुऱ्याची जवारी नीट आली का म्हणून पुन्हा पुन्हा हेडफोन चढवायचा, आणि त्या मेहनतीचे अकरातले दहा भाग कुणा जर्मन इंजिनिअरने परस्पर काढून टाकायचे! मला तो अपमान वाटायचा, माझाही आणि गाणाऱ्याचाही.

ज्या छोट्या संगीत मंडळाच्या बैठकी मी मुद्रित करतो, त्यांचं थेट प्रसारण आज ४८ किलोबिटला जातं. तेही मोनो. हा आकडा मीच ठरवलाय आणि कुणी तो वाढवा म्हणालं तर मीच वाद घालतो. जुनी मंडळी विचारतात, "अहो, ते अकरातले दहावाले तुम्हीच ना?" मीच. मत फिरलंय, पण एका झटक्यात फिरलेलं नाही आणि सगळंच्या सगळं फिरलेलंही नाही.

पहिली गडबड त्या भागाकारातच होती. १,४११ हे संगीताचं माप नव्हे, डब्याचं माप आहे. रिकाम्या खोलीतली शांतता मुद्रित केली तरी सीडी तेवढीच जागा खाते. फ्लॅक नावाचं लॉसलेस कॉम्प्रेशन २००१ साली आलं. त्यात एकही बिट हरवत नाही आणि फाईल बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपास येते. म्हणजे माझ्या अकरा भागांतले चार-पाच मुळात संगीतच नव्हते, नुसती पुनरुक्ती होती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. फ्लॅक तर मी रोज वापरत होतो. पण वाक्याला टाळ्या पडत असल्या की माणूस आपलंच गणित तपासायला जात नाही.

उरलेल्या सहा-सात भागांचं काय, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर मला एका जुन्या प्रयोगाने दिलं. बेल लॅब्जमध्ये जेम्स जॉन्स्टन हे कानाच्या कुवतीवर आधारलेल्या कोडिंगवर काम करत होते. त्यांचं एक प्रात्यक्षिक या क्षेत्रात 'तेरा डेसिबलचा चमत्कार' म्हणून ओळखलं जातं. संगीताच्या एका तुकड्यात मुद्दाम गोंगाट मिसळायचा, मूळ आवाजापेक्षा जेमतेम तेराएक डेसिबल खाली. साध्या कॅसेटची खरखरसुद्धा पन्नासेक डेसिबल खाली असते, यावरून तेरा म्हणजे काय ते कळेल. हाच गोंगाट दोन प्रकारे मिसळायचा. एकदा सगळीकडे सारखा पसरून, आणि एकदा संगीताचा जोर जिथे आहे तिथे त्याच्या आडोशाला, जिथे नाही तिथे जवळजवळ शून्य. गोंगाटाचं एकूण माप दोन्हींत एकच.

मी हे घरी करून पाहिलं. विलंबित ख्यालाचा तुकडा घेतला, पुरुषाचा भारदस्त आवाज, मागे दोन तानपुरे. पहिल्या प्रकारात पत्र्यावर पाऊस कोसळतोय आणि आत कुणीतरी गातंय, असं ऐकू आलं. दुसऱ्यात मात्र गाणं ऐकू आलं. अगदी कान टवकारले तर आवाजाला किंचित खरबरीतपणा होता, बस. मीटरवर मात्र दोन्ही फाईलींत गोंगाट तेवढाच. मी स्वतःच मिसळलेला असूनही माझा विश्वास बसेना, म्हणून मूळ फाईल वजा करून उरलेला नुसता गोंगाट वाजवला. चांगला दणदणीत होता.

म्हणजे मी इतकी वर्षं 'फेकून देणं' म्हणत होतो ते फेकणं नव्हतंच. एन्कोडर, म्हणजे आवाज दाबणारा प्रोग्राम, आवाजाचे लहान-लहान पट्टे पाडतो, आपला कान जसे पाडतो साधारण तसे, आणि दर पट्ट्यात किती गोंगाट लपेल याचा अंदाज घेतो. जिथे पुष्कळ लपेल तिथले आकडे ढोबळ लिहितो, जिथे लपणार नाही तिथले काटेकोर लिहितो. ढोबळ लिहिण्याने जी चूक होते तोच गोंगाट. तो संगीताच्या पोटात दडवायचा, एवढीच सगळी कारागिरी. बिट अगदीच तोकडे पडले तर काही पट्टे कोरे सोडावे लागतात, आणि तिथे माझा जुना आरोप लागू पडतो. पण तिथवर यायला बरंच खाली उतरावं लागतं.

त्या जर्मन इंजिनिअरबद्दलही सांगायला हवं. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी एमपीथ्री घडवताना सुझान वेगाचं 'टॉम्स डायनर' हे गाणं परत परत ऐकलं. त्या गाण्यात वाद्य नाही. एकटा बाईचा आवाज, अगदी जवळून. वाद्यमेळ ठीक ऐकू यायचा, पण या उघड्या आवाजाची सुरुवातीच्या एन्कोडरने पार वाट लावली होती. ती नीट होईपर्यंत त्यांनी ते गाणं सोडलं नाही. हे वाचल्यावर मला जरा ओशाळल्यासारखं झालं. उघड्या आवाजाला लपायला जागा नसते, हे आलापी मुद्रित करणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. ज्याला मी मारेकरी समजत होतो, तो मी ज्या गोष्टीने हैराण होतो तिच्यानेच हैराण होता.

यानंतर मी आमच्या संगीतावर काय होतं ते बारकाईने बघायला लागलो, आणि मला वाटतं या विषयातला सगळ्यात रंजक पेच आपल्या बैठकीतच आहे. तबल्याच्या चाटेवरचा 'ना' घ्या. स्क्रीनवर मोठा करून पाहिला तर आधी सपाट रेघ आणि मग एकदम उभी भिंत, मिलिसेकंदाच्या आत. एमपीथ्रीचा एन्कोडर आवाज तुकड्यातुकड्याने बघतो आणि त्याची लांब खिडकी साधारण २६ मिलिसेकंदांची असते. ढोबळपणाचा गोंगाट त्या अख्ख्या खिडकीत पसरतो, म्हणजे ठोक्याच्या आधीच्या शांततेतही. मोठ्या आवाजानंतर शेकडाभर मिलिसेकंद कान बारीक आवाजाला बधिर असतो. मोठ्या आवाजाच्या आधी मात्र ही सवलत अगदी थोड्या मिलिसेकंदांचीच. त्यामुळे थाप पडण्याआधीच एक पुसट 'फ्स' ऐकू येतो आणि 'ना'ची धार जाते. याला प्री-एको म्हणतात. एन्कोडर तपासणारे लोक यासाठी स्पेनच्या कॅस्टानेट्स वाजवतात. आपल्याकडे त्यासाठी वेगळं काही आणायला नको. उपाय एकच, खिडकी आखूड करायची.

आता तानपुरा. त्याचं नेमकं उलटं. षड्जावर एकावर एक चढणारे, हळूहळू उमलणारे आणि विरणारे बारीक स्वर वेगवेगळे ओळखायचे तर खिडकी लांब हवी. शिवाय शुद्ध स्वराच्या आडोशाला गोंगाट फारसा लपत नाही. खरखरीत आवाजामागे तो छान लपतो. त्यामुळे तानपुऱ्याला बिट जास्त लागतात. ते मिळाले नाहीत की वरचे स्वर या क्षणी आहेत, पुढच्या क्षणी नाहीत, असं सुरू होतं आणि जवारी लुकलुकायला लागते. पाश्चात्त्य गाण्यात एन्कोडर ठोका आला की आखूड खिडकी घेतो, सूर लांबला की लांब घेतो, आणि निभावून नेतो. आमच्या बैठकीत तानपुरा कधी थांबत नाही आणि तबला त्याच्यावरच पडतो. दोघांची मागणी एकाच क्षणी आणि परस्परविरोधी.

ओपस नावाचा कोडेक, म्हणजे आवाज दाबण्या-उलगडण्याची पद्धत, इथे माझ्या आयुष्यात आला. २०१२ साली तो इंटरनेटचं मानक म्हणून प्रसिद्ध झाला. दोन कुळांचं लग्न आहे ते. बोलण्यासाठीचा सिल्क हा स्काइपकडचा आणि संगीतासाठीचा सेल्ट हा झिफ या संस्थेच्या ज्याँ-मार्क व्हालाँ यांचा. वापरायला परवान्याचे पैसे नाहीत. सेकंदाला ६ किलोबिटांपासून ५१० पर्यंत कुठेही चालतो. व्हॉट्सॲपवर तुम्ही जे बोलून पाठवता ते ओपसमध्येच जातं. याच्या खिडक्या आखूड आहेत, कारण तो मुळात बोलणाऱ्या दोघांमध्ये उशीर होऊ नये म्हणून बनवलाय. त्यामुळे तबला त्याला मानवतो. तानपुऱ्याच्या बाबतीत लांब खिडकीचा एएसी हा दुसरा कोडेक जास्त उदार आहे असं माझं मत होतं आणि थोडंफार अजून आहे. पण ओपसच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये सुराचा भाग ओळखून त्याला जास्त बिट द्यायची सोय आली, आणि माझी तक्रार बरीच निवळली.

आंधळ्या चाचण्या मी केल्या. मूळ कुठलं आणि दाबलेलं कुठलं ते न सांगता ऐकायचं आणि ओळखायचं. १२८ ला माझी उत्तरं नाणं उडवून दिल्यासारखी आली. त्याखाली कुठे कुठे पकडलं. ४८ च्या मोनोत मूळ रेकॉर्डिंग मोनो करून शेजारी ठेवलं तर तानपुऱ्याकडेच कान लावल्यावर ओळखता यायचं. गाणं ऐकत असलो तर नाही. एवढ्यावर हा विषय मी सोडला असता. "बरं, १२८ चालेल," असं कुरकुरत म्हणालो असतो.

खरं मत फिरवलं ते संगमेश्वराकडच्या एका निवृत्त शाळामास्तरांनी. आमचं थेट प्रसारण तेव्हा ३२० किलोबिटला जायचं. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, तेव्हा आता काटकसर कशाला, असं माझं म्हणणं होतं. मास्तरांचा फोन आला तो तक्रारीचा नव्हता, चौकशीचा होता. म्हणाले, "सर, घरात रेंज नसते म्हणून मी मागच्या कातळावर खुर्ची नेऊन बसतो. विलंबित छान रंगतं. बुवा समेकडे यायला लागले की नेमकं ते चाक गरगरायला लागतं. परत सुरू होतं तोवर सम होऊन गेलेली असते. काही करता येईल का?"

मी त्यांना नेटवर्कबद्दल दोन-चार सल्ले दिले. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "आवाज कसाही द्या हो. पण सलग द्या."

त्यांच्या म्हणण्याचं गणित मांडून बघा. अतिविलंबित एकतालाची मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं. गायक जवळपास मिनिटभर एक इमारत रचतो आणि ती एका क्षणावर टेकवतो. तो क्षण पाच सेकंदांच्या खंडात गेला तर अख्खं मिनिट वाया. तबल्याचा 'ना' किंचित बोथट होणं आणि सम न ऐकू येणं, यांतलं कुठलं नुकसान मोठं हे ठरवायला ध्वनिशास्त्र लागत नाही. मी लॉसलेसचा झेंडा घेऊन उभा होतो आणि माझ्याच प्रसारणातून समा गळत होत्या. डेटाच्या किमतीचा मुद्दाच नव्हता. थेट प्रसारणात पुढचं आधी साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे ३२० ची धार अखंड वाहायला हवी. घाटातली एसटी, तळघरातलं दुकान, यात्रेच्या गर्दीत दमलेला टॉवर, यांपैकी कुठेही ती तुटते. शहरात बसून 'आता सगळीकडे फोरजी आहे' म्हणणं सोपं असतं.

मग आकडा खाली आणायचा ठरलं आणि कशाला कात्री लावायची याचा खल सुरू झाला. आमच्या समितीतल्या एकांचं मत होतं की स्टीरिओ ठेवा, कारण त्याने 'बैठकीत बसल्यासारखं' वाटतं. मी उलट म्हणालो. गायक मधोमध, हार्मोनियम एका अंगाला, तबला दुसऱ्या. फोनच्या स्पीकरवर किंवा एका कानातल्या इअरफोनवर त्यातलं काय पोचणार? तीच दुसऱ्या चॅनेलची रसद तानपुऱ्याला दिली तर जवारी टिकते. त्यांनी नाइलाजाने मान डोलावली. मोनो ४८ किलोबिट म्हणजे तासाला साडेएकवीस एमबीच्या आसपास. आधी तासाला १४४ एमबी जात होते. पहिल्या बैठकीनंतर मास्तरांचा व्हॉट्सॲप आला: एक अंगठा, आणि खाली "द्रुतसुद्धा ऐकली". ज्यांना चांगलं रेकॉर्डिंग हवं त्यांच्यासाठी बैठकीनंतर दोन दिवसांत स्टीरिओ फाईल ठेवतो. ती उतरवून घेणारे किती थोडे आहेत ते बघून पहिल्यांदा मला वाईट वाटलं होतं.

जाता जाता आमच्या रेकॉर्डप्रेमी मित्रांना एक चिमटा. अब्दुल करीम खाँसाहेबांचं 'जमुना के तीर' लागलं की डोळे पुसणारी ही मंडळी कॉम्प्रेशनचं नाव काढलं की नाक मुरडतात. तीन-सव्वातीन मिनिटांच्या लाखेच्या तबकडीत किती गाणं बसलं आणि किती बाहेर राहिलं? १९०२ साली गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तर माइकही नव्हता, भोंग्यात तोंड घालून गायचं होतं. काय टिकायचं आणि काय जायचं हे तिथे भोंग्याने आणि मेणाने ठरवलं. कोडेक निदान कानाला विचारून ठरवतो.

जे बदललं नाही तेही सांगायला हवं. मूळ मुद्रण मी आजही लॉसलेसच ठेवतो, दोन ठिकाणी, आणि कुणी "जागा होत नाही, एमपीथ्री करून ठेवू" म्हणालं की माझा आवाज चढतो. दाबलेलं पुन्हा दाबलं की आधीचा लपवलेला गोंगाट नव्या एन्कोडरला संगीत वाटतो आणि तो त्यावर बिट खर्च करतो. दोन-तीन पिढ्यांत सगळं उघडं पडतं. काही संग्रहांची अशी दशा मी पाहिली आहे. ब्लूटूथ हेडफोनवर आमचं प्रसारण ऐकणारा नकळत हेच करत असतो, पण त्याला इलाज नाही. आणखी खालच्या बिटरेटसाठी एएसीच्या एका प्रकारात वरचे स्वर पाठवतच नाहीत. खालच्या स्वरांची नक्कल वर चढवून, थोड्या खुणांच्या आधारे त्यांना आकार देतात. बातम्यांना आणि भावगीताला ते चालून जातं. तानपुऱ्यावर मात्र मला ते सहन होत नाही, कारण तिथले वरचे स्वर ही सजावट नाही, तोच तानपुरा आहे.

आता याच्याही पुढची मंडळी आली आहेत. गूगलचा साउंडस्ट्रीम २०२१ चा, मेटाचा एनकोडेक २०२२ चा. हे कोडेक हजारो तासांचा आवाज ऐकून 'शिकलेले' असतात आणि मोजक्या किलोबिटांत आवाज पुन्हा उभा करतात. माझ्याबरोबर काम करणारा मुलगा अशाच एका कोडेकच्या मागे आहे. त्याने मला ६ किलोबिटचा तराणा ऐकवला. आवाज इतका स्वच्छ की मी चमकलो. खरखर नाही, लुकलुक नाही. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की गायिका 'दानी' म्हणतेय तिथे एका जागी 'गानी' आलंय, आणि एक मींड अलगद पायऱ्यांची झालीय. ओपसला बिट कमी पडले की तो खराब वाजतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की काहीतरी गेलं. इथे गेलेलं कळतच नाही, कारण त्या जागी दुसरंच काहीतरी नीटनेटकं बसवलेलं असतं.

मी हे बोललो तर तो म्हणाला, "सर, पण मास्तरांना कातळावर चढावं लागणार नाही. घरात बसून ऐकतील. तुम्हीच म्हणता ना, सलग पाहिजे." यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणालो की मास्तरांना विचार, 'गानी' चालेल का.

त्याने खरंच फोन लावला. मास्तरांनी आधी विचारलं, "लय सोडत नाही ना?" मग म्हणाले, "दोन्ही पाठवा, ऐकून सांगतो." फाईली गेल्या आहेत. पुढची बैठक तूर्तास ४८ लाच जाईल.